सरोगसीचा कायदा काय सांगतो? पैसे घेऊन कूस देता येते का, कुणाला देता येते आणि फसवणूक कशी टाळायची

‘सरोगसीसाठी महिला पाहिजे, नऊ महिन्यांत लाखो रुपये मिळतील, सगळा खर्च आमचा’ असा मेसेज मोबाईलवर आला, किंवा गावात येऊन कुणी असं बोललं, तर एक गोष्ट आधी लक्षात ठेवा. भारतात पैसे घेऊन दुसऱ्याचं मूल पोटात वाढवणं २५ जानेवारी २०२२ पासून कायद्याने बंद आहे. असा सौदा जमवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लग्नाला दहा-पंधरा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, गर्भाशयच नाही किंवा आजारामुळे गर्भ टिकत नाही, अशा जोडप्याला सरोगसीचा रस्ता आजही मोकळा आहे. पण तो कायद्याच्या चौकटीतून जातो. ही चौकट माहीत नसल्यामुळे एकीकडे गरजू बाया जाळ्यात ओढल्या जातात, तर दुसरीकडे मूल नसलेली जोडपी जमीन गहाण टाकून फसतात. म्हणून हा कायदा सोप्या भाषेत समजून घेऊ.

सरोगसी म्हणजे नेमकं काय?

नवरा-बायकोचं बीज दवाखान्यात एकत्र करून गर्भ तयार करतात आणि तो दुसऱ्या बाईच्या गर्भाशयात ठेवतात. ती बाई नऊ महिने बाळ वाढवते, बाळंत होते आणि बाळ त्या जोडप्याकडे जातं. तिला सरोगेट आई म्हणतात. आपल्याकडे ‘भाड्याची कूस’ हा शब्द रूढ झाला आहे, पण कायद्याने भाडंच बंद केल्यामुळे तो शब्द आता चुकीचा ठरतो.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो, तो आधी काढून टाकू. सरोगेट आईचा त्या जोडप्यातल्या पुरुषाशी कसलाही शारीरिक संबंध येत नाही. सगळं काम प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात होतं. दुसरं म्हणजे सरोगेट आईला स्वतःचं स्त्रीबीज देता येत नाही, कायद्याने त्याला मनाई आहे. म्हणजे बाळाचं रक्ताचं नातं तिच्याशी नसतं. तिची फक्त कूस असते.

हे तंत्र आपल्याला नवीन नाही. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात जन्माला आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ऑगस्ट १९८६ मध्ये असंच बाळ जन्मलं. सरोगसीवर मराठीत ‘मला आई व्हायचंय’ हा सिनेमा आला होता, त्यावरूनच पुढे २०२१ मध्ये हिंदीत ‘मिमी’ निघाला. सिनेमात गावाकडची बाई परदेशी जोडप्यासाठी पैसे घेऊन मूल वाढवते. आजच्या कायद्यात यातलं काहीच बसत नाही. परदेशी जोडपंही चालत नाही आणि पैसेही चालत नाहीत.

कायदा करायची वेळ का आली?

२००० सालानंतर भारत सरोगसीची मोठी बाजारपेठ झाला. अमेरिका, इंग्लंड, जपान, इस्रायल इथली जोडपी इथे यायची, कारण त्यांच्या देशाच्या मानाने इथे खर्च बराच कमी होता. गुजरातमधलं आणंद हे दुधासाठी प्रसिद्ध असलेलं शहर सरोगसीसाठीही जगभर ओळखलं जाऊ लागलं. कूस देणाऱ्या बाया बहुतेक गरीब घरातल्या असायच्या. कुणाला कर्ज फेडायचं असायचं, कुणाला घर बांधायचं असायचं, कुणाला मुलांची फी भरायची असायची. जोडप्याने दिलेल्या पैशातला मोठा वाटा दवाखाना आणि दलाल यांच्याकडे राहायचा.

२००८ मध्ये एक प्रकरण गाजलं. जपानी जोडप्यासाठी आणंदमध्ये सरोगसी झाली, पण बाळ जन्मायच्या आधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला. ‘बेबी मंजी’ नावाने ओळखलं गेलेलं ते बाळ कुणाचं, कोणत्या देशाचं, त्याला नेणार कोण, असे प्रश्न उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात सरोगसीचा धंदा बंद करा आणि गरजूंसाठी कायदा करा, अशी शिफारस केली.

२०१५ मध्ये सरकारने परदेशी लोकांसाठी सरोगसी बंद केली. २०१६ मध्ये विधेयक आलं, पण लोकसभेची मुदत संपल्यामुळे ते रद्द झालं. २०१९ मध्ये पुन्हा आणलं, राज्यसभेने ते निवड समितीकडे पाठवलं. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये ते संसदेत मंजूर झालं आणि ‘सरोगसी (नियमन) कायदा, २०२१’ तयार झाला. टेस्ट ट्यूब बेबी केंद्रांवर आणि बीजदानावर लक्ष ठेवणारा दुसरा कायदाही त्याच वेळी झाला.

कूस कोण देऊ शकते?

कायद्यात सरोगेट आईसाठी अटी स्पष्ट आहेत :

– वय २५ ते ३५ वर्षं.
– लग्न झालेलं असावं (विधवा, घटस्फोटितही चालते) आणि स्वतःचं मूल असावं.
– आयुष्यात फक्त एकदाच सरोगेट होता येतं. गर्भ ठेवण्याचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन.
– शरीर आणि मन दोन्ही तंदुरुस्त असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र पाहिजे.
– लेखी संमती पाहिजे, आणि तीही तिला कळणाऱ्या भाषेत, सगळे धोके समजावून सांगितल्यावर. इंग्रजी कागदावर अंगठा घेतला तर ती कायद्याला अपेक्षित असलेली संमती नव्हे.

सरोगेट जवळची नातेवाईकच पाहिजे, असं अनेकजण सांगतात. आधीच्या विधेयकात तशी अट होती. निवड समितीच्या शिफारशीनंतर ती काढली गेली. आता कायद्यात ‘तयार असलेली स्त्री’ असा शब्द आहे. म्हणजे जाऊ, नणंद, बहीण चालते, तशी मैत्रीण किंवा ओळखीची बाईही चालते. पण तिला शोधायचं जोडप्याने स्वतः. दवाखान्याने किंवा एजंटाने बाई ‘पुरवणं’ गुन्हा आहे.

तिला काय मिळतं?

मोबदला एक रुपयाही नाही. औषधपाण्याचा, दवाखान्याचा आणि कायद्यात नमूद केलेला इतर खर्च जोडप्याने करायचा. शिवाय तिच्या नावाने ३६ महिन्यांचा, म्हणजे तीन वर्षांचा विमा काढायचा. बाळंतपणानंतर उद्भवणारे त्रासही या विम्यात आले पाहिजेत. विमा नसेल तर पुढचा कागद हलत नाही.

याशिवाय तिला काही हक्क आहेत, आणि ते तिच्या घरच्यांनाही माहीत असावेत :

एक, गर्भ पोटात ठेवण्याच्या आधी कोणत्याही क्षणी ती ‘नाही’ म्हणू शकते.

दोन, तिच्या लेखी संमतीशिवाय आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गर्भपात करता येत नाही. जोडप्याने किंवा दवाखान्याने परस्पर तसं ठरवणं गुन्हा आहे.

तीन, साधारणपणे एकाच वेळी एकच गर्भ ठेवायचा असा नियम आहे. विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत जाता येतं. जुळी-तिळी बाळंतपणं बाईच्या जिवावर बेततात, म्हणून ही मर्यादा घातली आहे.

चार, पैशासाठी सरोगसी झाल्याचं प्रकरण न्यायालयात गेलं, तर नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातेवाइकाने तिच्यावर दबाव आणला असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. आपल्याकडे बाईचा ‘होकार’ कसा मिळवला जातो, हे ठाऊक असणाऱ्याला हे कलम किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको. ‘मोठ्या जावेसाठी एवढं कर, पुण्य लागेल’ असं सासूने चार माणसांत म्हटलं, की धाकट्या सुनेला नाही म्हणायला तोंड उरत नाही.

मूल कुणाला घेता येतं?

– भारतीय जोडपं. लग्न कायदेशीर पाहिजे. प्रमाणपत्र घेण्याच्या दिवशी बायकोचं वय २३ ते ५० आणि नवऱ्याचं २६ ते ५५ पाहिजे.
– आधीचं हयात मूल नसावं. पोटचं, दत्तक किंवा सरोगसीचं, कोणतंही. मूल दिव्यांग असेल किंवा बरा न होणारा जिवघेणा आजार असेल तर सवलत आहे, पण त्यासाठी परवानगी लागते.
– विधवा किंवा घटस्फोटित महिला, वय ३५ ते ४५. तिला स्वतःचं स्त्रीबीज वापरावं लागतं.
– परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या जोडप्याला सरोगसी मंडळाची शिफारस लागते.

एकटा पुरुष, लग्न न झालेली महिला, लग्नाशिवाय एकत्र राहणारे आणि समलिंगी जोडपी यांना सध्याच्या कायद्यात परवानगी नाही.

नुसतं ‘मूल होत नाही’ हे कारण पुरत नाही. नियमांनुसार वैद्यकीय कारण लागतं. गर्भाशय नसणं किंवा नीट नसणं, आजारामुळे ते काढलेलं असणं, टेस्ट ट्यूबचे अनेक प्रयत्न फसणं, कारण न कळता वारंवार गर्भ पडणं, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असणं ही त्यातली मुख्य कारणं आहेत.

हा मुद्दा मराठवाड्याच्या जवळचा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची गर्भाशयं काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अनेक बाया तरुण वयातच गर्भाशय गमावून बसल्या. पण त्यातल्या बहुतेकींना आधीची मुलं असल्यामुळे पुन्हा मूल हवं असलं तरी हा कायदा त्यांच्यासाठी दार उघडत नाही. शिवाय खर्चही त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून पोटात दुखतंय म्हणून कुणी ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. एकदा काढलेली पिशवी परत मिळत नाही.

कागदपत्रांचा रस्ता कसा आहे?

१. आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे दोघांच्या तपासण्या. दोष नेहमी बाईतच असतो असं नाही, नवऱ्याचीही तपासणी झालीच पाहिजे.

२. जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. जिल्ह्याचे वरिष्ठ आरोग्य अधिकारी अध्यक्ष असतात, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. सरोगसीची खरंच गरज आहे का, हे ते तपासतात. चौकशीची सुरुवात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये करावी.

३. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश. जन्मणाऱ्या बाळाचे आई-बाप कोण आणि ताबा कुणाचा, हे बाळ जन्मायच्या आधीच न्यायालय ठरवून देतं.

४. सरोगेट आईचा तीन वर्षांचा विमा.

५. सक्षम प्राधिकाऱ्याकडून आवश्यकतेचं आणि पात्रतेचं प्रमाणपत्र. सरोगेट आईचं पात्रता प्रमाणपत्र वेगळं.

६. यानंतरच नोंदणी असलेल्या सरोगसी क्लिनिकमध्ये उपचार. नोंदणीचं प्रमाणपत्र दवाखान्यात सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. प्रत्येक टेस्ट ट्यूब बेबी सेंटरला सरोगसीची परवानगी असतेच असं नाही, तेव्हा बोर्ड वाचताना हा फरक पाहा.

हा क्रम उलटा करून ‘आधी ॲडव्हान्स भरा, कागदं मागाहून करू’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठून यावं.

सात-बाऱ्यावर नाव लागेल का?

गावात हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर सरळ आहे, लागेल. सरोगसीतून जन्मलेलं बाळ कायद्याने त्या जोडप्याचं पोटचं मूल मानलं जातं. पोटच्या मुलाचे जे हक्क तेच त्याचे हक्क. न्यायालयाचा आदेश जन्मनोंदीसाठी धरला जातो, त्यामुळे जन्मदाखल्यावर त्या जोडप्याचंच नाव येतं. दत्तकविधान करायची गरज नाही. उद्या वारस लावताना भाऊबंदांनी ‘हे रक्ताचं नाही’ म्हणून अडवलं तरी कायदा मुलाच्या बाजूने आहे. म्हणून तो आदेश, प्रमाणपत्रं आणि दवाखान्याची कागदं घरात जपून ठेवावीत. दवाखान्यानेही या नोंदी २५ वर्षं ठेवायच्या असतात.

मूल व्यंग घेऊन जन्मलं, किंवा मुलगी झाली म्हणून जोडप्याला ते नाकारता येत नाही. बाळ टाकून देणं गुन्हा आहे. आणि ‘मुलगाच करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला, तर सरोगसीतही लिंगनिवड गुन्हाच आहे, हे ध्यानात ठेवा.

फसवणूक कशी होते?

जुलै २०२५ मध्ये हैदराबादमध्ये उघड झालेलं प्रकरण डोळे उघडणारं आहे. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका जोडप्याकडून सरोगसीच्या नावाखाली लाखो रुपये घेतले गेले. बाळ हातात दिलं. पुढे डीएनए तपासणी केली तर बाळाचं त्या दोघांशी काहीच नातं निघालं नाही. गरीब आई-बापाकडून विकत घेतलेलं बाळ सरोगसीचं म्हणून दिलं होतं. त्या जोडप्याचे पैसे गेलेच, शिवाय महिनोन्‌महिने मनाने वाढवलेलं नातंही तुटलं. त्यांनी न्यायालयाचा आदेश, सरोगेट आईची प्रमाणपत्रं आणि विमा आधीच बघायला मागितला असता, तर खोटं तिथेच उघडं पडण्याची शक्यता होती.

दुसरा धोका स्त्रीबीजाचा. ‘फक्त बीज द्यायचं, पंधरा दिवसांत पैसे’ असं सांगून तरुण मुलींना नेलं जातं. कायद्याने बीज देणारी २३ ते ३५ वयाची पाहिजे, आयुष्यात एकदाच देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. जोडप्याने तिचा बारा महिन्यांचा विमा काढायचा असतो. बीज वाढवायला जी इंजेक्शनं देतात त्यांचा त्रास होऊ शकतो, कधी तो गंभीरही होतो. आधार कार्डावरचं वय बदलून अल्पवयीन मुलीला नेत असतील, तर तो सरळ पोलीस केसचा विषय आहे.

पैसे देऊन सरोगसी मागणारं जोडपंही सुटत नाही. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. हे गुन्हे अजामीनपात्र आहेत, आपसांत मिटवता येत नाहीत.

कायदा बदलतोय, अजून काय व्हायला पाहिजे?

कायदा झाल्यापासून त्यात दुरुस्त्या होत आहेत. मार्च २०२३ मध्ये सरकारने नियम बदलून दुसऱ्याचं बीज वापरायला बंदी घातली. ज्या बाईला जन्मतःच गर्भाशय नाही आणि स्त्रीबीजही तयार होत नाही, तिचा रस्ताच बंद झाला. अशी एक महिला सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला दिलासा मिळाला. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम पुन्हा बदलला. आता नवरा-बायकोपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्याचं जिल्हा वैद्यकीय मंडळाने लिहून दिलं तर दात्याचं बीज चालतं. मात्र एकाचं तरी बीज स्वतःचं पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ज्या जोडप्यांनी कायदा लागू होण्याआधीच गर्भ तयार करून गोठवून ठेवले होते, त्यांना नवी वयाची अट लावता येणार नाही.

मोठा वाद आहे तो मोबदल्याचा. २०१७ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने म्हटलं होतं, की बाईने फुकट कूस द्यावी ही अपेक्षा बरोबर नाही, तिला रास्त मोबदला मिळाला पाहिजे. डॉक्टर फी घेतो, दवाखाना बिल लावतो, वकील पैसे घेतो, मग नऊ महिने जीव धोक्यात घालणाऱ्या बाईनेच पुण्य कमवायचं का, असा त्या बाजूचा सवाल आहे. शेतमजूर बाईचे नऊ महिन्यांतले बुडालेले रोजगार मोजले तरी रक्कम लहान नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. पैसा सुरू झाला की गरीब घरातल्या बाईवर घरातूनच दबाव येतो. नापिकी झाली, सावकार दारात आला, की ‘एकदा जाऊन ये’ म्हणणारे निघतात. आणंदचा अनुभव समोर आहे. यावर मधला मार्ग म्हणून बुडालेली मजुरी, सकस आहार आणि बाळंतपणानंतरची विश्रांती यांची भरपाई सरकारने ठरवून थेट बाईच्या बँक खात्यात जमा करावी, मधे दलाल ठेवू नये, असं सुचवलं जातं. लग्न न झालेल्या महिलांना आणि दुसरं मूल हवं असलेल्या जोडप्यांना परवानगी द्यावी का, यावरही न्यायालयात मागण्या झाल्या आहेत.

ग्रामीण भागाचं गाऱ्हाणं मात्र वेगळंच आहे. प्रमाणपत्र जिल्ह्याला, आदेश न्यायालयात, क्लिनिक मोठ्या शहरात. रोजंदारी बुडवून किती चकरा मारायच्या? माहिती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मराठीत मिळाली, तर निम्मे दलाल आपोआप बंद होतील.

दत्तकाचा रस्ताही आहे

सरोगसीचा खर्च लाखांत जातो आणि यश मिळेलच अशी खात्री कुणी डॉक्टर देऊ शकत नाही. जमीन विकायच्या आधी दत्तकाचा विचार जरूर करावा. केंद्र सरकारच्या ‘कारा’ या संस्थेकडे ऑनलाईन नोंदणी होते. वाट पाहावी लागते, पण खर्च त्या मानाने खूप कमी आहे. दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. नात्यातलं किंवा दवाखान्यातलं मूल ‘परस्पर’ घेऊन त्याला दत्तक म्हणू नका, ते पुढे अंगाशी येतं.

तक्रार आणि मदत कुठे?

– कुणी पैशाचं आमिष दाखवत असेल तर पोलीस : ११२
– महिला हेल्पलाईन : १८१
– मुलांसाठी, अल्पवयीन मुलीला नेत असतील तर : १०९८
– मोफत वकील : तालुका विधी सेवा समिती, तालुका न्यायालयात. महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१००

मेसेज आला असेल तर डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंबर जपून ठेवा आणि कोणत्याही कागदावर सही-अंगठा करण्याआधी तो कागद दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.